सव्वीस जणांची एकच आत्या

कोशबाईंना राग येतो असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे मुक्कामालाच असतो. सकाळी त्या चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढू लागल्या की वरच्या वर्गातली मुलं नुसत्या चपलांच्या आवाजावरून ओळखत, आज कुणाची धडगत नाही. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. इंग्रजीतला कुठलाही अवघड शब्द विचारा, बाई अर्थ सांगणार, त्याचे चार भाऊबंद सांगणार आणि वर ‘एवढंही माहीत नाही?’ असं विचारून तुमची लाज काढणार. म्हणून कोशबाई.

क्लास होता परदेशी शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षांचा. दोन खोल्या, हाताला पाटी जोडलेल्या तीस-बत्तीस खुर्च्या, कितीही पुसला तरी कालचं लिहिलेलं दाखवणारा पांढरा फळा, आणि थंड हवेच्या यंत्राखाली कायमची ठेवलेली बादली. बादली भरली की शेवटच्या रांगेतल्याने उठून ओतायची. एवढ्याशा जागेतून दरवर्षी पन्नास-साठ मुलं बाहेरच्या देशात जात. मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवत. मुलं त्यांना डायरेक्टर सर म्हणत, आणि बाई मनातल्या मनात जे म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही.

इंग्रजी बाईंकडे आलं तेसुद्धा रागाचं बोट धरून. शाळा सगळी मराठीतून. विसाव्या वर्षी एका विमा कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. मिनिटाला साठ शब्द, चूक शोधून सापडायची नाही. एक दिवस साहेब पाहुण्याला घेऊन त्यांच्या टेबलापाशी थांबले, बाईंकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि दोघं हसले. वाक्य सगळं कळलं, एक शब्द तेवढा कळला नाही. बाईंनी तो शब्द दिवसभर तोंडात धरून ठेवला, संध्याकाळी वाचनालयात शिरल्या आणि जाडजूड शब्दकोशात शोधून काढला. मीडिऑकर. बेताची. “बेताची? मी?” बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पेपर वाचत बसलेली माणसं उठून उभी राहिली. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. मग बाईंनी एक दोनशे पानी वही विकत घेतली. यापुढे माझ्या तोंडावर मला न कळणारा शब्द बोलायची कुणाची छाती होता कामा नये, बस्स. तेवीस वर्षांत अशा सहा वह्या भरल्या.

या वह्यांत नुसते अर्थ नव्हते, माणसं होती. शब्दाला एकेक माणूस चिकटवल्याशिवाय तो डोक्यात टिकत नाही, हे बाईंचं ठाम मत. फ्रूगल म्हणजे सासूबाई, साबणाच्या चिपा जोडून वडी करणाऱ्या पण दारातून कुणाला उपाशी न पाठवणाऱ्या. पार्सिमोनियस म्हणजे घरमालक, जिन्यातला दिवा काढून आपल्या घरात लावणारा. आणि मायझर म्हणजे थोरले दीर, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. छापील यादीत तिघांनाही एकच अर्थ दिलेला असे, कंजूष. “माझ्या सासूला आणि त्या दिवेचोराला एका माळेत ओवता? लाज नाही वाटत?” बाई फळ्यावर डस्टर आपटत. मग मुलांना सांगत, उद्या येताना प्रत्येकाने आपल्या घरातला एक फ्रूगल आणि एक मायझर घेऊन या. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता हशा. कुणाचा मामा, कुणाची काकू, कुणाचा तर स्वतःचा बापच. बाईंच्या हाताखालून गेलेली मुलं शब्द विसरत नसत, कारण मामाला विसरणार कसं?

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते पुढे.

तीन वर्षांपूर्वी डायरेक्टर सरांनी बाईंना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं, स्वतः उठून चहा पुढे केला. “बाई, तुमच्या वह्या म्हणजे खजिना आहे. निवडक तीनशे वाक्यं छापू या. मुखपृष्ठावर तुमचं नाव.” दुसरं काहीही म्हणाले असते तर बाईंनी चहा तसाच ठेवून दार आपटलं असतं. पण नाव! ज्या बाईला कुणीतरी बेताची म्हटलं होतं तिचं नाव, तेही पुस्तकावर. बाई विरघळल्या. आपल्या हाताने सहाही वह्या नेऊन दिल्या.

पुस्तिका आली तेव्हा नवा नियमही आला. प्रत्येक निबंधात पुस्तिकेतली किमान पाच वाक्यं घालायची, जशीच्या तशी. बाई दोन दिवस तणतणल्या. “अहो सर, ती वाक्यं बघून स्वतःचं लिहायचं असतं! माझी नणंद कशाला कोंबताय सगळ्यांच्या पेपरात?” सर हसले. नणंदेची त्यांनी केव्हाच आत्या करून टाकली होती, म्हणजे कुठल्याही वयाच्या मुलाला चालावी. “बाई, प्रत्येकाने आपापली आत्या शोधत बसायला वेळ आहे का? सहा आठवडे असतात हातात.” पहिल्या वर्षी गुण वाढले, दुसऱ्या वर्षी आणखी वाढले आणि बाईंचा आवाज खाली आला. एवढंच झालं असतं तरी समजू शकतो. पण पुढे शनिवारची पाठांतर परीक्षा बाई स्वतःच घ्यायला लागल्या. वाक्यातला एक शब्द जरी बदलला तरी अर्धा गुण कापायचा. आपल्या वाक्याला कुणी हात लावलेला त्यांना खपेनासा झाला. पुस्तकावर नाव आलं की माणसाचं डोकं फिरतं, दुसरं काय.

यंदाच्या तुकडीत एकतीस मुलं होती. त्यातली एक बाईंची लेक. वर्गात ती आईला बाईच म्हणे, आणि बाई तिला इतरांपेक्षा दोन शब्द जास्तच ऐकवत. तिला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं होतं. एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत दोन वर्षं ती साचे घासायचं काम करत होती, बोटांना कायम पांढरी भुकटी. बाहेरच्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती, अट एकच. परीक्षेचे गुण या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत पोचले पाहिजेत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

परीक्षेत निबंधाला विषय आला, अपयशाने माणूस मोडतो की घडतो. मुलं खूश होऊन बाहेर आली. बहुतेकांना पुस्तिकेतलं एकशे चौदा नंबरचं वाक्य आठवलं होतं.

गुरुवारी सकाळी दहाला परीक्षा मंडळाचं पत्र आलं. एकाला नाही, सव्वीस जणांना. निकाल रद्द. तुमच्या लेखनातला मजकूर इतर उमेदवारांशी शब्दशः जुळतो. वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही. काही म्हणणं असल्यास सात दिवसांत कळवावं. खाली जुळणारा उतारा दिला होता, आणि बाईंनी तो लेकीच्या फोनवर वाचला. स्टोइक, म्हणजे दुःखातही न डगमगणारा, या शब्दासाठी त्यांनी लिहिलेलं वाक्य होतं ते. मराठीत सांगायचं तर असं: त्या मंगळवारी माझ्या आत्याचं शिवणाचं दुकान कायमचं बंद झालं, पण ती स्टोइक राहिली, तिने शेवटचं कापड घडी करून ठेवलं, किल्ली मालकाच्या हातात दिली आणि डोळ्यांतून टिपूससुद्धा काढलं नाही.

सव्वीस आत्या! सव्वीस दुकानं, सगळी एकाच मंगळवारी बंद, आणि सव्वीसच्या सव्वीस बाया कोरड्या डोळ्यांनी किल्ली देतायत. ज्याच्या बापाला औषधालाही बहीण नाही त्या पोरानेसुद्धा आत्याचं दुकान बंद करून टाकलं होतं. मंडळातले लोक काय गवत खातात?

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्या करत चढला. बाहेरच्या बाकावर पालक बसले होते, एक आई पदराने डोळे पुसत होती, एक गृहस्थ फोनवर कुणावर तरी खेकसत होते. काचेच्या खोलीत डायरेक्टर सर मात्र शांत. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

“यावर सही करा बाई. म्हणजे क्लास वाचेल.”

कागदावर लिहिलं होतं की सदर वाक्यं शिक्षिकेच्या खासगी वह्यांतली असून मुलांनी ती परस्पर उतरवून घेतली. क्लासचा याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

“परस्पर?” बाईंचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. “पुस्तिका काय आभाळातून पडली? पाच वाक्यं घालाच, हा नियम काय माझ्या बापाने केला?”

“हळू बोला. पालक ऐकतायत.”

“ऐकू देत! सव्वीस मुलांना चोर ठरवून तुम्ही हात झटकणार आणि मी सही ठोकू? माझी मुलगी आहे त्यात!”

सर जरा पुढे झुकले. “तेच सांगतोय. तुम्ही एवढं करा, तुमच्या मुलीचं आपण वेगळं मांडू. बाकीच्यांचं सोडा, पण तिची तर ती खरोखरची आत्या आहे ना? स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग तिने लिहिला. त्यात चोरी कसली? क्लासच्या लेटरहेडवर लिहून देतो. पाच वाजेपर्यंत सही आणा.”

बाई कागद घेऊन निघाल्या, दार आपटायला विसरल्या नाहीत. पण जिना उतरता उतरता त्या माणसाचं एक वाक्य डोक्यात घर करून बसलं. खरंच की! पंचवीस पोरांनी दुसऱ्याची आत्या उचलली असेल, आपल्या लेकीने स्वतःची लिहिली. तिला त्यांच्या रांगेत उभं करणारे हे कोण टिकोजीराव? मग या नालायकाच्या लेटरहेडची तरी गरज काय? आपणच लिहू. मंडळाला सरळ इंग्रजीत असं झणझणीत पत्र लिहू की चार शब्दांसाठी त्यांनाच शब्दकोश उघडावा लागेल.

घरी आल्या, पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडला आणि बसल्या. लेक खिडकीपाशी उभी होती. बाई दोन्ही हातांनी बडवल्यासारख्या टाइप करत होत्या, मधेमधे वाचून दाखवत होत्या. अन्याय या अर्थाचे पाच शब्द त्यांनी घातले, प्रत्येकाची धार वेगळी. नणंदेच्या दुकानाचा पत्ता घातला, बंद झाल्याची तारीख घातली. अठरा वर्षं चाललेलं दुकान, समोर तयार कपड्यांची तीन मजली पेढी उभी राहिली आणि वर्षभरात बसलं. बाई त्या दिवशी क्लासला होत्या. संध्याकाळी नणंद घरी आली, “झालं, दिली किल्ली,” एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला बसली. काय बाई आहे, असं बाईंना वाटलं होतं. त्याच आठवड्यात वहीत वाक्य आलं.

शेवटी त्यांनी लेकीसाठी चार ओळींचं निवेदन छापून काढलं. हा प्रसंग माझ्या स्वतःच्या अनुभवातला असून मी तो माझ्या शब्दांत लिहिला आहे.

“सही कर.”

लेकीने कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

“नाही करत.”

“काय?”

“नाही करत सही. खोटं आहे ते.”

“अगं, तुझी सख्खी आत्या आहे ती! खोटं काय त्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अर्जापासून आठ महिने राबलीस, तीस तारखेला जागा जाईल, आणि तू इथे माझ्यापुढे शहाणपणा करतेस?”

“आई, मी पण पाठच केलं होतं. सगळ्यांसारखं. एकशे चौदा नंबर.” लेकीचा आवाज चढला. घरात तिचा आवाज असा क्वचितच चढे. “आणि बाकीच्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं की असं घडलंच नाही.”

“म्हणजे?”

“तू नव्हतीस तिथे. मी होते, सामान बांधायला गेले होते. आत्या कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडत होती, शेजारच्या दुकानात आवाज जाऊ नये म्हणून. दीड तास. मला काय करावं कळेना, मी नुसती तिच्याजवळ खाली बसले. किल्ली तिने दिलीच नाही. मी दिली. नंतर तिने नळावर तोंड धुतलं आणि म्हणाली, आईला सांगू नकोस, तिला मी खंबीर वाटते, तसंच राहू दे.”

बाईंची बोटं कळफलकावर तशीच राहिली. सहा वर्षं ही नणंद आठवड्यातून दोनदा या टेबलाशी बसून चहा पिऊन जात होती. सहा वर्षांत बाईंनी तिला एकदाही विचारलं नव्हतं, वन्सं, त्या दिवशी कसं वाटलं? विचारायचं कशाला, शब्द मिळाला होता ना.

पण राग असा एका जागी बसत नाही. तो उसळून पुन्हा लेकीवरच गेला.

“मग कार्टे, तेच का नाही लिहिलंस? टेबल, बोळा, नळ, तुझं स्वतःचं होतं सगळं! असं लिहिलं असतंस तर कुणाची हिंमत झाली असती तुझा निकाल रद्द करायची?”

“लिहिलं होतं.”

“कुठे?”

“शनिवारच्या परीक्षेत. दुसऱ्याच आठवड्यात. एकशे चौदा नंबरच्या जागी मी लिहिलं की माझी आत्या स्टोइक दिसत होती, पण ती टेबलाखाली रडली. मला वाटलं तू वाचशील. वाचून मला काहीतरी विचारशील.” लेक थांबली. “तू लाल पेनने खोडलंस. वाक्य बदलू नये, असं लिहिलंस बाजूला. अडीच गुण कापलेस.”

बाईंना आठवत नव्हतं. एकतीस पेपर, प्रत्येकात चाळीस वाक्यं. पुस्तिका शेजारी ठेवून शब्दाला शब्द जुळतो का तेवढं बघायचं आणि पुढे जायचं. नजर फक्त चुकलेल्या जागी थांबायची, आणि तिथे काय लिहिलंय ते वाचायला थांबायची नाही. सगळ्या वर्गात एकाच पोरीने त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं, शब्दाला स्वतःचं माणूस चिकटवलं होतं, आणि ती पोरगी त्यांच्या पोटची होती. तिला त्यांनी शिक्षा केली होती.

आता राग आला तो स्वतःचा. साहेबांचा आला तेव्हा वही घेता आली, डायरेक्टरचा आला तेव्हा दार आपटता आलं. स्वतःच्या रागाला कुठलं दार आपटणार? बाईंनी टेबलावर हात आपटला, लागला, पुन्हा आपटला.

“आई, पुरे.”

“पुरे काय? माझंच डोकं फुटलं पाहिजे!” बाई रडत नव्हत्या, पण आवाज धड राहिला नव्हता. “नाव छापलं म्हणून मी... शी!”

थोड्या वेळाने त्यांनी पर्स खांद्यावरून काढून ठेवली. पत्रातले अन्यायाचे पाचही शब्द खोडले, नणंदेचा पत्ता खोडला, तारीख खोडली. पान रिकामं झालं. मग एका बोटाने, नव्याने शिकणाऱ्या टायपिस्टसारखं हळूहळू लिहिलं. मुखपृष्ठावर माझं नाव आहे ती पुस्तिका सोबत जोडते आहे. ही वाक्यं माझी आहेत. क्लासने ती मुलांकडून पाठ करून घेतली, मी त्याची परीक्षा घेतली आणि ज्यांनी स्वतःचं लिहिलं त्यांचे गुण कापले. सव्वीस मुलांनी आम्ही शिकवलं तेच केलं. त्यांत माझी मुलगीही आहे. शिक्षा द्यायची तर शिकवणाऱ्यांना द्यावी. एकही अवघड शब्द नव्हता. शाळेतलं पोर वाचेल असं इंग्रजी.

लेक मागे उभी राहून वाचत होती. “याने माझी जागा वाचणार नाही.”

“नाही वाचणार बहुतेक.”

“आणि तुझी नोकरी?”

“ती गेली म्हणूनच समज.”

पाचला दहा मिनिटं असताना डायरेक्टर सरांचा फोन आला. बाईंनी उचलला. “सही करत नाही,” एवढंच म्हणाल्या, आणि समोरून पुढचं काही यायच्या आत ठेवून दिला. मग पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचायला लागल्या.

“आत्याचं नाही घातलंस,” लेक म्हणाली. “टेबलाखालचं. ते घातलं तर त्यांना पटेल की मला खरं माहीत होतं, मी ते लिहिलंही होतं आणि तेच खोडलं गेलं. माझ्यासाठी तरी घाल.”

बाईंचा हात थांबला. ते घातलं असतं तर कदाचित खरंच पटलं असतं. एवढा पुरावा पुरला असता, लेकीची जागासुद्धा वाचली असती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते तिचं आहे. मी एकदा घेतलं तिला न विचारता.”

बाईंनी पत्र पाठवलं.